पुढचं माहीत नाही

"जेवायला कधी याल?" काकू विचारायच्या आणि काका जोड्यात पाय घालता घालता म्हणायचे, "आल्यावर सांगतो." यंदा आंबा कसा येईल, असं कुणी ओट्यावर बसून विचारलं तर, "उतरल्यावर सांगतो." एकदा कचेरीत नवा साहेब येणार म्हणून सगळे कारकून धास्तावले होते, तेव्हा आमच्या ह्यांनी काकांना विचारलं, "कसा असेल हो माणूस?" काका म्हणाले, "बदलून गेला की सांगतो." काकूंचा तीस वर्षांचा संसार असल्या उत्तरांवर झाला होता. त्या मला म्हणायच्या, "अगं, लग्नात माझ्या मामांनी यांना विचारलं, पोरीला नीट सांभाळाल ना? तर हे काय म्हणाले असतील?" मला ते पाठ झालं होतं, तरी मी दर वेळी हसत असे.

काका म्हणजे आमचे ठाण्याचे घरमालक. टेंभी नाक्याजवळच्या एका बोळात त्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागे काका-काकू, मधलं अंगण आणि विहीर दोघांची. काका सरकारच्या देवी टोचायच्या खात्यात नोकरीला होते. थंडी पडली की तट्टावर पेटी लादून आणि एक शिपाई बरोबर घेऊन गावोगाव फिरायचे, तान्ह्या मुलांच्या दंडावर देवी टोचायचे. लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते आणि तसं ते प्रत्येकाला बजावून सांगत, पण कुणी ऐकत नसे. त्यांनी जितकी तान्ही मुलं हातात घेतली होती, तितकी कुठल्या मोठ्या डॉक्टरानंही घेतली नसतील.

कोटाच्या एका खिशात सुयांची डबी आणि दुसऱ्या खिशात खडीसाखर, असा त्यांचा सरंजाम. खडीसाखरेला कायम औषधाचा वास यायचा. कुणाच्याही घरी गेले की आधी पाळण्याशी जाऊन बाळाला नमस्कार करायचे आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांकडे वळायचे. त्यावरून कितीजण रुसले असतील! काकांना पत्ताही नसे.

त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. माणूस जमिनीवरून उठताना पाहायचा, हे ते वेड. "बसतो कसा ते काय बघायचं? उठतो कसा ते बघावं," असं ते म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत बाकीचे जिलबीकडे बघत असत आणि हे पंगत उठायची वाट बघत. लोक उठायला लागले की यांची मान इकडून तिकडे फिरायची. "तिसऱ्या पाटावरच्याचे गुडघे गेले. तो पलीकडचा कमरेतून उठतो. नवरदेवाचा चुलता मात्र बघा, टाच न हलवता उठला!" हे सगळं मोठ्यानं. एकदा वधूपित्यानं त्यांना हात जोडून सांगितलं, की देवा, पुढच्या पंगतीला तुम्ही आधी उठा आणि बाहेर जाऊन बसा.

मुलांच्या बाबतीत तर विचारूच नका. तीन-चार वर्षांचं कुठलंही मूल दिसलं की त्याला जमिनीवर फतकल मारून बसवायचे, खडीसाखर उंच धरायचे आणि म्हणायचे, "ऊठ बघू." मूल उठलं की साखर त्याच्या हातात आणि काका पुढे. आयाबाया म्हणत, "डॉक्टर जरा असेच आहेत, पण हात हलका आहे हो."

मी त्या घरात राहायला आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मला दिवस गेले होते. माझं माहेर कल्याणचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण आईनं वडिलांबरोबर निरोप धाडला, "इकडे येऊ नकोस. मुलगा झाला तर मला दाखवू नकोस. पाच वर्षांचा होऊ दे, नीट चालू-उठू दे, मग बघीन."

आईला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून कारण सांगते. मला दोन भाऊ होते, एक माझ्याहून मोठा आणि एक पाठचा. दोघंही गेले, आणि दोघांचं दुखणं एकच. चौथं वर्ष सरेपर्यंत मूल चांगलं दिसायचं. मग पायरीशी अडायचं, सपाट वाटेवर पडायचं. जमिनीवरून उठताना आधी हात गुडघ्यावर, मग मांडीवर, मग आणखी वर, असं स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहायचं. दहा-अकराव्या वर्षी चालणं संपायचं. पंधरावं दोघांनीही ओलांडलं नाही. आईचा एक भाऊसुद्धा लहानपणी असाच गेला होता. शेजारचे म्हणत जागा वाईट. आजी म्हणे विहीर वाईट. आई म्हणे दृष्ट लागली, आणि ज्याची लागली त्याच्या नावानं ती दर अमावास्येला बोटं मोडी. तो कोण, हे मात्र ती सांगत नसे. थोरल्या भावाला आमच्या घरात पैलवान म्हणत, कारण लहानपणी त्याच्या पोटऱ्या खूप भरदार होत्या.

हे सगळं मी काकूंना सांगितलं आणि काकूंनी माझ्यादेखत काकांना सांगितलं. काका अंगणात बसले होते. त्यांनी विचारलं, "कल्याणात कुठे म्हणालीस?" मी घर सांगितलं. काका गुडघ्यांवर हात टेकून कण्हत उठले आणि आत निघून गेले. मला वाटलं, बायकी गोष्टी ऐकायला लाजले असतील.

मला मुलगा झाला. दत्तू. बाळ रडलं त्या क्षणापासून घरात भाकितांना ऊत आला. सुईणीनं नाळ बघून सांगितलं, शंभर वर्षं जगेल. जोशीबुवांनी पत्रिका मांडली आणि राजयोग आहे म्हणाले. समोरच्या बाईनं त्याच्या तळपायाकडे बघून उगाच नाक मुरडलं. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि कुणाचंच मनात उतरत नव्हतं. मला एकच हवं होतं. हा मामांवर जाणार की नाही, तेवढं कुणी सांगावं.

सहाव्या दिवशी षष्ठी पुजली. आमच्याकडे पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते, तर तिची गैरसोय नको. सकाळी अर्थात कागद कोराच असतो. सातव्या दिवशी सकाळी काका दारात उभे. "कागद दे," म्हणाले. मला काही कळेना. काकूंनी आतून ओरडून सांगितलं, "देऊन टाक गं! दर घरी हेच करतात. देवी टोचायला गेले की आधी षष्ठीचा कागद मागतात. कुणी देतात, कुणी चार शब्द सुनावतात."

मग काका बाळाजवळ बसले. स्वतःचं बोट त्याच्या मुठीत दिलं आणि ओढून पाहिलं. दोन्ही हात धरून त्याला जरासं उचललं आणि मान किती मागे पडते ते पाहिलं. काकूंकडून, दूध कसं ओढतो, पिता पिता दमतो का, ते विचारून घेतलं. बाळ रडायला लागलं तेव्हा डोळे मिटून त्याचं रडणं कुणी गाणं ऐकावं तसं ऐकलं. मग सटवाईचा तोच कागद मांडीवर घेतला, हाताच्या आडोशानं त्यावर काहीतरी लिहिलं आणि घडी घालून खिशात टाकला.

"काका, काय लिहिलंत?"

"दिसलं ते."

"मामांसारखा होईल का हो?"

काकांनी बोट पुन्हा बाळाच्या मुठीत दिलं. "मुली, ते आज कुणालाच कळत नाही. कळतं म्हणेल त्याला खुशाल ओट्याखाली उतरव. काही मुलं जन्मताच चिंधीसारखी सैल असतात, ती दिसतात तरी. तुझ्या भावांचं दुखणं लपून येतं. ते आईच्या अंगानं येतं, एवढं मी कितीतरी घरांत पाहिलंय. बायका धडधाकट राहतात आणि मुलगे पडतात. पण सगळे नाही. एकाच घरात एक पडतो आणि दुसरा झाडावर चढतो. जागेचा दोष नाही, विहिरीचाही नाही."

"आणि दृष्टीचा?"

काका उठले. "बाळाला थंडी लागेल, पांघरूण घाल," म्हणाले आणि गेले.

मला त्यांचा इतका राग आला! बाकीचे निदान खोटं तरी बोलत होते. या माणसानं माझ्या अंगावर सगळा भार टाकला, आईच्या अंगानं येतं म्हणाला, आणि वर कागद खिशात घालून गेला.

पण काका असे का झाले, त्याची एक बाजू मला मारीकडून कळली. मारी खाडीकाठच्या किरिस्ताव कोळ्यांतली. मासळीची टोपली घेऊन दारावर यायची. गोरी, ठेंगणी, आणि तोंड असं की पाटीतली कोळंबी उडून पडेल. एकदा काका तिच्याशी दरावरून हुज्जत घालत होते. मारीनं पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"काय रं डागतर, मेलेल्या बाईशी घासाघीस करतंस? तवाच मना पुरली आसती तर आज तुला म्हावरा कोनी दिला आसता?"

काका मुकाट्यानं आत पैसे आणायला गेले. मी मारीला विचारलं, काय गं हे? ती फतकल मारून बसली आणि सांगायला लागली. ती जन्मली तेव्हा अंगात जीव असा नव्हताच. हातपाय लोंबायचे, दूध ओढायचं बळ नव्हतं. काका तेव्हा नवे होते, ऐटीत होते. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, महिना काढणार नाही. "मग काय, पाद्रीबाबाला बोलावला, घाईघाईत पानी टाकला डोईवर. आयनं मना दूध पाजनं सोरलं, बोलली, कशाला जीव लावायचा. पन माजी म्हातारी आजी आयकंल तर ना! कापसाची वात केली न् शेलीचं दूध थेंब थेंब सोरत बसली. चार वर्सांची झाली तवा चालली मी." मारी उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि आत बघून ओरडली, "डागतर, मेली हाय मी, लवकर ये, म्हावरा नासंल!"

काका तिला कधी उलटून बोलले नाहीत. ती येईल तेव्हा ती उठते कशी, ते मात्र दारामागून पाहायचे.

दत्तू दोन वर्षांचा झाला. धावू लागला, पडू लागला. कुठलं मूल पडत नाही? पण मी मोजायला लागले, आज किती वेळा पडला. आमचे हे म्हणाले, वेडी होशील. मी म्हटलं, होईन.

त्या हिवाळ्यात काका फिरतीवर असताना काकूंनी मला त्यांची पत्र्याची पेटी उन्हात ठेवायला सांगितली, तिला ओल आली होती. उघडायला काही सांगितली नव्हती. मी उघडली. चोरी म्हणा, मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

आत कागदच कागद. सगळे षष्ठीचे, कुठे कुठे हळद लागलेले. प्रत्येकावर गाव, घर, आणि मग काकांचं गिचमिड अक्षर. "हातपाय सैल. बोळ्यानं दूध पितो. मान टाकतो. पुढचं माहीत नाही." त्याखाली वेगळ्या शाईत, "दोन वर्षांनी पाहिला. बसतो, हसतो. पुढचं माहीत नाही." दुसऱ्या एका कागदावर खाली नुसतं, "गेला." आणखी एकावर, "शेतावर भेटला. मला ओळखलं नाही. नांगर धरतो!" मी एकामागून एक वाचत गेले. दत्तूचा सापडला. "रडणं मोठं. मूठ घट्ट. दूध ओढतो, दमत नाही. आई फार प्रश्न विचारते. पुढचं माहीत नाही." दोन वर्षं मी ज्या कागदासाठी जळत होते त्यात हे एवढंच होतं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

पेटीच्या तळाशी जुने कागद होते, पिवळे पडलेले. त्यांवर मात्र कुठेही "माहीत नाही" नव्हतं. दीर्घायुषी. महिना काढणार नाही. घराणं गाजवील. सगळं ठासून लिहिलेलं. आणि त्यांतच एकावर आमच्या कल्याणच्या घराचं नाव होतं. माझ्या धाकट्या भावाच्या षष्ठीचा कागद. "बाळ उत्तम. थोरला भाऊ चार वर्षांचा, पोटऱ्या भरदार, पैलवान होणार. हाही थोरल्यासारखाच होईल." त्याखाली निरनिराळ्या शायांत एकेक ओळ. "थोरला पडतो." "थोरला चालत नाही. आईनं दार लावून घेतलं." "थोरला गेला." "धाकटा पडतो." शेवटी, "धाकटा गेला. थोरल्यासारखाच."

आई बोटं मोडत होती ती यांच्या नावानं. आमच्यात सुदृढ मुलाला तोंडावर सुदृढ म्हणत नाहीत, आणि हा परका माणूस सगळ्यांदेखत त्याला पैलवान म्हणाला होता. वडील इतके फुशारले, की पोराला तालमीत घालायला घेऊन गेले. तिथे त्याला बैठकच मारता येईना, तेव्हा घरात पहिल्यांदा कळलं.

चार दिवसांनी काका परत आले. मी अंगणातच उभी होते.

"पेटी उघडलीस," ते म्हणाले.

"उघडली. खोल्या देताना माहीत होतं तुम्हाला मी कोण ते?"

"नंतर कळलं. आधी कळलं असतं तर दिल्या नसत्या."

"का?"

"तुझ्या आईपासून इतकी वर्षं तोंड लपवत होतो. तर तूच दारात येऊन राहिलीस." काका विहिरीच्या कट्ट्यावर बसले. "त्या भरदार पोटऱ्या म्हणजे दुखणंच होतं, मुली. ते मांस कामाचं नसतं. पुढे दुसऱ्या घरांतही तसंच पाहिलं तेव्हा कळलं. माझी बाकीची भाकितं कधी लागली, कधी चुकली. 'हाही थोरल्यासारखाच होईल' हे एकच अक्षराला अक्षर खरं झालं. आणि ते मी शाबासकी दिल्यासारखं सांगून, वर तुमच्याकडचा लाडू खाऊन आलो होतो."

"आई म्हणते तुमची दृष्ट लागली."

"मला नाही तसं वाटत," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण खात्रीनं सांगता येत नाही."

दुसऱ्या कुणीही त्या वेळी खात्रीनं सांगितलं असतं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी वाटीभर कढी नेऊन दिली, कारण मला एकटीला ते सगळं पेलत नव्हतं, आणि त्या दुखण्याची माझ्याइतकी धास्ती घेतलेला माणूस ठाण्यात तो एकच होता.

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून दत्तूवर डोळा ठेवायला लागलो. तिसरं गेलं, चौथं गेलं. दत्तू पायऱ्या चढत होता. काकांशी त्याची गट्टी जमली. ते दाढी करत तेव्हा हा गालाला साबण लावून घेई, ते बसत तिथे हा मांडीला मांडी लावून बसे. मी आईला निरोप धाडत होते, चांगला आहे. आईचा उलट निरोप यायचा, पाच होऊ देत.

पाच पुरी व्हायला महिना राहिला होता. एका संध्याकाळी मी तुळशीला दिवा लावत होते. दत्तू काकांशेजारी अंगणात बसला होता. तो उठला. आधी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि हळूहळू उभा राहिला.

माझ्या हातातली पणती पडली. मी काकांकडे पाहिलं, त्यांनीही ते पाहिलं होतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी दत्तूला समोर बसवलं, स्वतः समोर बसले. "ऊठ बघू." हात गुडघ्यांवर, हात मांड्यांवर. "पुन्हा ऊठ." पुन्हा तेच. काकांनी त्याच्या पोटरीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी त्याला बसवून उठवलं आणि तीन दिवस तो तसाच उठला. काका जेवेनात. काकू मला कुशीत घेऊन बसायच्या. ह्यांना मी सांगितलंच नाही. मनात मी आईशी बोलत होते, आई, तुझंच खरं, तू नाही पाहिलंस त्याला ते बरंच केलंस.

चौथ्या दिवशी काकांना जवळच्या एका गावात टोचायला जावं लागलं. दुपारी दत्तू अंगणात पोळीचा तुकडा घेऊन बसला होता. कावळा आला आणि त्यानं तुकडा उचलला. दत्तू ताडकन उभा राहिला आणि ओरडत कावळ्यामागे बोळाच्या टोकापर्यंत पळाला.

हात कुठेही टेकला नव्हता.

मी त्याला परत आणून बसवलं. गुळाचा खडा दाखवला. उठला, सरळ. पुन्हा बसवलं, पुन्हा सरळ. गूळ संपला, मग शेंगदाणे. किती वेळा उठवला देव जाणे, शेवटी तो कंटाळून रडायला लागला आणि रडत रडतसुद्धा सरळच उठला. मला काही समजेना. सकाळपर्यंत मूल अंगावर चढून उठत होतं आणि दुपारी हे काय?

संध्याकाळी काका आले, अंगणात टेकले. दत्तू लगेच शेजारी जाऊन बसला. काकूंनी चहाला हाक मारली. काकांनी गुडघ्यांवर हात ठेवले, मग मांड्यांवर ठेवले आणि "आई गं, हुश्श" करत उभे राहिले. त्यांच्या मागोमाग दत्तूनं गुडघ्यांवर हात ठेवले, मांड्यांवर ठेवले आणि बारीक आवाजात म्हणाला, "आई गं, हुश्श."

मी हसत होते का रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. "काका, अहो, तुमची नक्कल करतोय तो! तुम्ही समोर असलात की करतो! मघाशी तुम्ही नव्हता तेव्हा वीस वेळा सरळ उठला!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "सगळ्या जगाला उठताना बघितलं," त्या म्हणाल्या, "स्वतःला कधी नाही बघितलंत."

काकांचा विश्वास बसेना. ते स्वयंपाकघराच्या दारामागे लपले आणि फटीला डोळा लावला. मी दत्तूला अंगणात बसवला. उठला. ओट्यावरून उडी मारायला लावली, मारली. पायऱ्या चढायला लावल्या, चढला. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर फटीचा लाल वळ उठला होता.

"आता सांगा," मी म्हटलं. "आता 'माहीत नाही' म्हणालात तर बघा."

"त्यातला असता तर एव्हाना लपला नसता," काका म्हणाले. "हा त्यातला नाही." मग घाईनं खिशात हात घालून होती नव्हती तेवढी सगळी खडीसाखर त्यांनी दत्तूच्या ओंजळीत ओतली. त्या दिवशी मी पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले आणि ताट सारायच्या आत मला झोप लागली.

पाचवा वाढदिवस झाला आणि आम्ही कल्याणला निघालो. काका तयार होऊन दारात उभे. "मलाही यायचंय," म्हणाले. मी म्हटलं, "आई काय करील सांगता येत नाही." ते म्हणाले, "मलाही नाही."

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. दत्तूकडे तिनं पाहिलंच नाही, तिची नजर काकांवर गेली आणि सूप तिच्या हातून खाली आलं. पंधरा वर्षं झाली होती, तरी तिनं ओळखलं.

"हे आमचे घरमालक," मी म्हटलं.

"कळलं कोण ते." आई उभी राहिली. "त्यांना सांग, पाठ करून उभं राहा म्हणावं. माझ्या नातवाकडे बघायचं नाही."

काका वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पागोटं, कोट, हातात छत्री. शाळेत शिक्षा झालेला एवढा मोठा माणूस मी पाहिला नव्हता.

आईनं दत्तूला जमिनीवर बसवलं. तिनं नुसता हात वर केला. दत्तू उठला. तिनं पुन्हा बसवलं. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तर तो आपण होऊनच बसला आणि उठला, त्याला हा खेळ ठाऊक होता. "आजी, गूळ?" त्यानं विचारलं. आईनं त्याला छातीशी धरलं आणि इतक्या मोठ्यानं रडली, की आतल्या बायका धावत आल्या. काकांची पाठ हलली, पण ते वळले नाहीत.

मग आई आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. दत्तूचं धोतर वर करून तिनं दोन्ही पोटऱ्यांवर एकेक तीट लावली, चांगली रुपयाएवढी. हात पदराला पुसला.

"आता बघा," ती भिंतीकडे बघून म्हणाली.

काका वळले. दत्तूच्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिले. मी मनात म्हणत होते, आता "माहीत नाही" म्हणू नका, आणि चांगलंही काही म्हणू नका.

"काटकुळा आहे," काका म्हणाले. "अगदीच काटकुळा."

आईनं डोळे मिटून घेतले.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.